माफीचं माप

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची. खोली तिसऱ्या मजल्यावर, आत आणखी एक चिंचोळी खोली, खिडकी पूर्वेला, नळाला पाणी आणि दाराला दोन कड्या. यापेक्षा जास्त सुख मागणाऱ्या बायका मला माहीत आहेत, पण मी त्यांच्यातली नाही. सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, चिऊचा अभ्यासाचा दिवा आणि ही वही. आमचं रेडिओ केंद्र बंद झालं त्या दिवशी कपाटात कोऱ्या वह्यांचा गठ्ठा सापडला होता, तो मी सरळ पिशवीत घातला. वीस वर्षं नाटकांतून कधी सासू झाले, कधी चेटकीण, कधी बोलणारी मांजर. एवढा हक्क तर माझा होताच.

चिऊ म्हणजे माझी लेक, दहा वर्षांची. सध्या ती माझ्या ताईकडे आहे. परीक्षा संपली की पाच एप्रिलला ताई तिला इथे आणून सोडेल. तिचे बाबा गेल्यापासून ती माझा डावा अंगठा धरल्याशिवाय झोपत नाही. लहानपणी दारात चेंगरून त्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलं, ते तसंच वाढतं. त्या चिरेवरून बोट फिरवत फिरवत तिचे डोळे मिटतात. ताईचा अंगठा तिने तपासून पाहिला आणि नापास केला. ताई म्हणाली, पोरगी अगदी तुझ्यावर गेलीय, दुसऱ्याची खोट काढायची भारी हौस.

तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांनी न विचारता माझी गादी वर चढवली आणि चढवून झाल्यावर सांगितलं, की हिच्यात गाठी फार आहेत. त्यांचा कुत्रा तपकिरी आहे, चारही पंजे तेवढे पांढरे. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त आहे. मी त्याला मोजे म्हणायचं ठरवलं. पहिल्याच भेटीत तो माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला. चिऊला फोनवर सांगितलं तर आता तिला आईपेक्षा मोजेला भेटायची घाई झालीय.

मंगळवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर, पाचव्या मजल्यावर. दारावर ‘संवाद सल्लागार’ अशी पाटी आहे, तिचा अर्थ काहीही होऊ शकतो. काम मात्र एकच चालतं. आम्ही माफी लिहून देतो.

आजकाल कोण कधी कॅमेऱ्यात सापडेल याचा भरवसा नाही. माणूस रांगेत कोणावर तरी खेकसतो, शेजारी उभा असलेला ते टिपतो, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या जगाला त्याचं नाव, घर आणि मुलांची शाळा पाठ होते. असा तोंड लपवत फिरणारा माणूस आमच्याकडे येतो. आमच्या मालकाला सगळे शिंपी म्हणतात, कारण माफी अंगावर बसली पाहिजे हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणतो. गोड माणूस आहे, सारखा हात चोळत असतो.

त्याने मला नियम सांगितले. माफीत ‘पण’ हा शब्द येता कामा नये. ‘नाही’ तर त्याहून नको. लोक त्या दोन शब्दांचीच वाट बघत बसलेले असतात, ते सापडले की माणूस संपला. तिसरा नियम म्हणजे सगळं ‘मी’ने सुरू करायचं. चौथा नियम खास इथला, त्याला ते माप म्हणतात. माफी लिहून झाली की लिहिणाऱ्याने आतल्या छोट्या खोलीत बसून कॅमेऱ्याकडे बघत ती स्वतः म्हणायची. ग्राहकाचं नाव नाही, ‘समजा’ नाही, ‘उदाहरणार्थ’ नाही. जणू ते आपणच केलं. ग्राहक मग ते पाहून तसंच म्हणतो, थांबायचं तिथे थांबतो, आवंढा गिळायचा तिथे गिळतो. त्याचं झालं, की माप त्याच दिवशी पुसायचं. मी रेडिओवरची म्हटल्यावर शिंपी नुसता हात चोळत हसला.

माझ्या आधी या खुर्चीवर एक बाई होत्या. त्यांची शाल अजून पाठीला अडकवलेली आहे. कुठे गेल्या विचारलं तर शिंपी म्हणाला, सोडून गेल्या.

लिफ्टमध्ये फरशी पुसणारी एक बाई भेटली. डोक्यावर टोपी, तोंडाला घट्ट फडकं, दिसतात ते डोळेच. माझाच पाय तिच्या बादलीला लागला, तरी तीच म्हणाली, माफ करा, चूक माझीच. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत जो आत आला त्याला तिने हेच म्हटलं. या शहरात लोक फारच सभ्य दिसतात.

सोमवार, १० मार्च

काम जमतंय. पहिलं माप एका बसचालकाचं होतं. त्याने एका म्हाताऱ्याला मधल्याच थांब्यावर उतरवलं होतं. दुसरं एका नर्सचं, ती वॉर्डात हसली होती. कशाला हसली ते क्लिपमध्ये नाही, हसणं तेवढं आहे. मी दोघांचं माप एका बैठकीत दिलं. शिंपी म्हणाला, असं तयार कापड त्याला आजवर मिळालं नव्हतं. मला ‘कापड’ हा शब्द आवडला नाही, पण कौतुक आवडलं.

‘नाही’ न वापरता दोन पानं लिहायची म्हणजे सुरुवातीला एक पाय बांधून चालल्यासारखं वाटतं. मग सवय होते. काल भाजीवालीशी मी तसंच बोलून पाहिलं, खेळ म्हणून. पाच मिनिटं जमलं. चिऊला सांगितल्यावर तिनेही खेळून पाहिलं आणि दुसऱ्याच वाक्याला बाद झाली.

बुधवार, १२ मार्च

आज आलेल्या ग्राहकाची फाईल वाचून मी पेन खाली ठेवलं.

तो एक बेकरीवाला आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याची चौदा सेकंदांची क्लिप सगळीकडे फिरत होती. दुकानाचं मागचं दार, निळा एप्रन, केसाळ मनगट, त्यावर स्टीलचं जाड घड्याळ. चेहरा दिसत नाही. पायरीवर एक कुत्रा झोपलेला आहे. पातेलं तिरकं होतं, वाफ उठते, कुत्रा ओरडतो, दार लागतं. तो आवाज ज्याने ऐकला तो विसरणार नाही.

मीही ऐकला होता. आणि खाली एक ओळ लिहिली होती: ‘त्याच पाण्यात याचे हात बुडवा.’ हजारो लोकांना ती आवडली. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. केंद्र नुकतंच बंद झालं होतं, माझं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं, आणि एका ओळीवर एवढी माणसं हो म्हणत होती.

तो समोर बसला तेव्हा त्याने दोन्ही हात खिशात ठेवले होते. चहा आला तरी बाहेर काढले नाहीत. म्हणाला, त्याची आई आता त्याच्या हातचा पाव खात नाही. म्हणाला, दिवसभर हात भाजल्यासारखे वाटतात, डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. कोणीतरी कधीतरी लिहिलं होतं, ते वाक्य डोक्यातून जात नाही. कोणतं वाक्य ते मी विचारलं नाही. मी वहीत मान घालून लिहीत राहिले.

शुक्रवार, १४ मार्च

बेकरीवाल्याचं माप दिलं. सातव्या वेळी बसलं.

‘मी ते पाणी ओतलं. माझ्या या हातांनी ओतलं. ते जनावर ओरडलं आणि मी दार लावून घेतलं.’ इथे थांबायचं, हात वर करायचे, तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे. सहा वेळा ते मी लिहिलेलं वाक्य होतं. सातव्या वेळी माझे डोळे आपोआप भरले आणि आवाज असा फुटला, की काचेपलीकडे शिंपी उभा राहिला. वीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

दुपारी बेकरीवाल्याने हुबेहूब तसंच म्हटलं. मग हात खिशातून काढले आणि माझा हात हातात घेतला. त्याचा हात चांगला गार होता. मला माझाच गरम लागला.

रविवार, १६ मार्च

त्याची माफी बाहेर पडली आणि लोक विरघळले. दुकानाबाहेर फुलं ठेवली म्हणे. फोटोत तो दहा वर्षांनी लहान दिसतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. शुक्रवारी मी माप पुसलं नाही. इतकं चांगलं काम पुसवेना. ते मी ताईच्या फोनवर चिऊला पाठवलं. बघ, तुझी आई अजून नाटक करते. चिऊने पाच वेळा पाहिलं. फोनवर म्हणाली, खरंच रडलीस का गं, मला तर खरंच वाटलं. मग म्हणाली, त्या कुत्र्याचं पुढे काय झालं? मला माहीत नव्हतं. क्लिपमध्ये ते नाही. मी सांगितलं, बरा झाला.

मंगळवार, १८ मार्च

मोजेला काय झालं आहे कोण जाणे. सकाळी जिना उतरले तर तो शेपूट पायांत घालून पोस्टमास्तरांच्या मागे गेला. बिस्किट पुढे केलं तेव्हा थरथरायला लागला आणि त्याने तिथेच पायरीवर मुतलं. पोस्टमास्तर ओशाळले. म्हणाले, असं तो कोणाशीच करत नाही. माझ्या हाताला साबणाचा वास असेल.

गुरुवार, २० मार्च

माप फुटलं.

चिऊने वर्गातल्या मैत्रिणीला ते दाखवलं. माझी आई किती भारी नाटक करते, एवढंच तिला सांगायचं होतं. मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीने ते आपल्याकडे घेतलं आणि वर ओळ लिहिली, की पाणी ओतणारी खरी बाई ही आहे, बेकरीवाल्याला उगाच बदनाम केलं. काल दुपारपासून ते फिरतंय. माझा चेहरा, माझा आवाज, माझे तळवे. मी ते पाणी ओतलं.

ताईने फोन केला. चिऊ कोपऱ्यात बसून आहे म्हणे. मी तिला फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, की तुझी काही चूक नाही, आई सगळं निस्तरते. उद्या शिंप्याला सांगेन. तो दोन ओळी लिहील, विषय संपेल. चिऊचं नाव मात्र माझ्या तोंडून येणार नाही. बाहेर कसं गेलं विचारलं तर मीच पाठवलं म्हणेन. तसं ते खरंही आहे.

शुक्रवार, २१ मार्च

शिंप्याने हात चोळले. म्हणाला, आपण माफी लिहून देतो हे जगाला कळलं तर आजवरच्या सगळ्या माफ्या खोट्या ठरतील, एवढी माणसं पुन्हा उघडी पडतील. म्हणाला, ऑफिस तुम्हाला ओळखत नाही. हे त्याने अगदी प्रेमाने सांगितलं. मग म्हणाला, यातून एकच वाट आहे, माफी मागा, आणि शालीच्या खुर्चीकडे बघून हसला.

बेकरीवाला तर चार पावलं पुढे गेला. त्याने सांगून टाकलं, की ती बाई त्याच्याकडे कामाला होती, बाईमाणूस म्हणून त्याने स्वतःवर घेतलं, आता लपवण्यात अर्थ नाही. सांगताना दोन्ही हात पुढे घडी करून ठेवले होते. स्वच्छ हात.

शनिवार, २२ मार्च

मी स्वतःच खुलासा केला. खिडकीपाशी उजेडात बसून बोलले. मी नट आहे, मी हे लिहिते, मी तिथे नव्हतेच. चांगलं बोलले. फार चांगलं बोलले, हीच चूक झाली. लोक म्हणतात, परवा रडत होती, आज डोळा कोरडा, नाटकीच आहे. कोणी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले आहेत.

माझी जुनी ओळ कोणाच्या तरी हाती लागली. ती माझी आहे हे त्यांना माहीतही नाही. ‘त्याच पाण्यात हिचे हात बुडवा.’ फक्त ‘याचे’चं ‘हिचे’ झालं आहे. दर मिनिटाला कोणीतरी नव्याने लिहितं. मी वाचणं थांबवत नाही. थांबवता येत नाही.

सोमवार, २४ मार्च

आज ती चौदा सेकंदं पुन्हा पाहिली. लोकांना दाखवायचं होतं, की मनगट बघा, घड्याळ बघा, हा पुरुषाचा हात आहे.

घड्याळ नाही.

मनगटावर केस नाहीत. मी फोन पुसला, पुन्हा लावली. ताईला लावून पाहायला सांगितलं, तिच्याकडची जुनी, दोन महिन्यांपूर्वी आलेली. ताईने ती दोनदा पाहिली. मग तिने विचारलं, तू तेव्हा नक्की कुठे होतीस?

पातेलं धरलेला डावा हात. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

मंगळवार, २५ मार्च

पोस्टमास्तर सकाळी वर आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, बाई, तुम्ही ते केलंत का? भला माणूस, माझी गादी वाहून आणलेला. मी तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की नाही.

आलं ते असं: मला तुमचा राग समजतो.

मी पुन्हा प्रयत्न केला. म्हणाले, मी याची पूर्ण जबाबदारी घेते. माझंच वाक्य, बसचालकाच्या मापातलं. ते खाली मान घालून जिना उतरले. मी दार लावून घेतलं आणि आरशासमोर उभी राहून तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. ओठ जुळतात, जीभ वर जाते, आणि —

बुधवार, २६ मार्च

दाराबाहेर पातेलं. भरलेलं. वाफ येतेय.

उचलून मोरीत ओतलं. अर्ध्या तासाने दुसरं.

गुरुवार, २७ मार्च

ऑफिसात शेवटचं गेले, माझा डबा आणायला. खुर्चीवर आता दोन शाली आहेत. दुसरी माझी.

लिफ्टमध्ये ती फरशी पुसणारी बाई होती. आम्ही दोघीच. मी तिचा हात धरला आणि विचारलं, या खुर्चीवर आधी तुम्हीच होतात ना? तिने तोंडावरचं फडकं खाली केलं. तो चेहरा मी पाहिलेला आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, तीन वर्षांपूर्वी, म्हाताऱ्या सासूला उन्हात बसवून ठेवणारी ती बाई. तेव्हा मीही दोन शब्द लिहिले होते.

मी विचारलं, ते तुम्ही केलं होतंत? ती तोंड उघडायची, मिटायची. गळ्याच्या शिरा फुगल्या. खूप वेळाने म्हणाली, माफ करा, चूक माझीच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं, तुम्हाला मुलं आहेत? तिने हाताची दोन बोटं दाखवली. मग तळवा जमिनीकडे धरून उंची दाखवली, एवढी एवढी होती तेव्हा.

शुक्रवार, २८ मार्च

पातेल्याचं वजन आठवतं. त्याचा काठ डावीकडे जरा वाकलेला. फडक्याने धरलं होतं, फडकं निळं. पायरीची फरशी फुटलेली. हे क्लिपमध्ये दिसतं का? पाहिलं. क्लिपमध्ये फक्त चौदा सेकंदं आहेत. मला त्याच्या आधीचं आठवतं. पाणी उकळायला ठेवलं ते. कुत्र्याकडे बघून जी चीड आली ती.

त्याच्या नंतरचंही. दार लावल्यावर मी हात पुसले आणि पाव भट्टीतून काढले.

म्हातारा बसमधून उतरताना माझ्याकडे बघत होता. वॉर्डात मी कशाला हसले तेही आता आठवतं.

रविवार, ३० मार्च

ताईचा फोन. म्हणाली, चिऊला शाळेत कोणी शेजारी बसू देईना. पोरी तिला बघून भुंकतात. तरी ती सगळ्यांना एकच सांगते, आईने केलेलं असणं शक्यच… ती ठाम आहे. म्हणते, आई मला तोंडाने सांगेल. तिने माझ्यासमोर एकदा म्हटलं की झालं, मग जग काहीही म्हणू दे, मी तिच्याजवळ राहीन.

ताई म्हणाली, मी पाचला तिला घेऊन येते. तू तिच्याकडे बघून तेवढं म्हण. तीन शब्दांचं काम. म्हटलंस तर ती तुझी. गप्प बसलीस तर मी तिला परत नेईन, आणि पुन्हा आणणं मला झेपायचं… ताई रडत होती. माझी ताई, जिने मला चालायला शिकवलं.

मी म्हणाले, मला तुमच्या वेदनेची जाणीव आहे.

मंगळवार, १ एप्रिल

सराव. सकाळपासून सराव. वीस वर्षं मांजरीच्या आवाजात बोलले, सापासारखी फुत्कारले, एक शब्द काय जड.

वही मागे चाळली. पंचवीस तारखेनंतर तो शब्द एकदाही आलेला… लिहायला घेतला की हात पुढे सरकतो.

कागदावर जुळत असेल तर तोंडावर येईल. आमच्याकडे हीच पद्धत. आधी कागद, मग तोंड.

बुधवार, २ एप्रिल

खाली माणसं उभी. समोरच्या फुटपाथवर, भर दुपारी. ओरडत… गप्पच आहेत. फोन वर धरून. खिडकीत गेले की सगळे फोन एकदम वर.

मी तळवे दाखवले. आपोआप दाखवले गेले.

पोस्टमास्तर मोजेला दुसऱ्या गल्लीने नेतात.

गुरुवार, ३ एप्रिल

हात लाल. पाण्याला शिवलेसुद्धा… फोड आले आहेत. डाव्या अंगठ्यावर मोठा. चिऊला धरता येईल का हा —

पातेली आता पाच.

शुक्रवार, ४ एप्रिल

उद्या.

चिऊचा दिवा लावून पाहिला. लागतो. तिची चादर घातली. आमच्या दोघींची उशी —

तीन शब्द. पहिला ‘मी’. तिसरा ‘केलं’. मधला —

शनिवार, ५ एप्रिल

आल्या. सकाळी दहा वाजता. फुटपाथवरच्या माणसांतून ताईने तिला पदराआड आणलं.

चिऊ आत आली. वाळली आहे. तिने काही विचारण्याआधी माझा डावा हात घेतला. फोडावरून, मग नखाच्या चिरेवरून बोट फिरवलं. खूप वेळ. तिनेही ती क्लिप पाहिली आहे, हे मला तिच्या बोटावरून कळलं.

मग वर बघून म्हणाली, आई, तू फक्त म्हण. मी कोणाचं ऐकणार… तुझंच ऐकेन.

मी म्हणाले, दोन मिनिटं दे. आतल्या खोलीत आले. दार लोटलं. ती दारापलीकडे उभी आहे, तिची पावलं फटीतून दिसतात. नवे मोजे घातलेत, पांढरे. कुत्र्याला दाखवायचे म्हणून घेतले असतील.

आधी कागद, मग तोंड. एकदा इथे उतरलं की बाहेर जाऊन म्हणेन. मला ती हवी आहे. सगळं जग घ्या, मला ती —

ताई म्हणतेय, चल गं चिऊ. चिऊ म्हणते थांब मावशी, आई लिहितेय, येईल.

लिहिते. हात घट्ट धरलाय. लिहिते, चिऊ.

मी

मी ते पाणी ओतलं. माझ्या या हातांनी —